पलीकडं पोचवून देणारे साहेब

बँकेत जन्म काढलेल्या कुणालाही विचारा, खातं बंद करायला गिऱ्हाईक आलं की काय करायचं. त्याला बसवायचं, चहा पाजायचा, गोड बोलून फिरतंय का बघायचं, आणि नाहीच फिरलं तर अर्ज चार दिवस टेबलावर लोळवायचा. आमच्या साहेबांना यातलं काहीही जमायचं नाही. खातं बंद करणाऱ्या माणसाला ते स्वतः रस्ता ओलांडून समोरच्या बँकेत पोचवून यायचे.

हे मला कुणी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, जा, थापा मारू नकोस. पण मी त्या शाखेत कॅशच्या खिडकीत बसायची आणि तिथून रस्ता समोर दिसायचा. सगळं या डोळ्यांनी पाहिलंय.

शाखा तळेगाव ढमढेऱ्यातली. बाजारपेठेच्या तोंडाशी दोन खोल्या, पुढं लोखंडी जाळी, आत आम्ही चार-पाच माणसं. मी दौंडची. वडील रेल्वेत, जन्म रेल्वे कॉलनीत, गाडीच्या शिट्टीशिवाय झोप लागायची नाही. तळेगावला बदली झाली तेव्हा आईपाशी बसून रडले होते. आठवडाभर तिथं खोली करून राहायचं आणि शनिवारी दौंडला पळायचं, असं सुरू झालं. माझं तोंड पहिल्यापासून फटकळ. साहेबांशी माझं पहिल्याच आठवड्यात वाजलं, कारण ते मला नावानं हाक मारीनात. "दौंड, जरा इकडं या," म्हणायचे. मी म्हटलं, मला नाव आहे. तर गंभीर तोंड करून म्हणाले, नाव कागदावर राहतं, माणूस कुठनं आलं ते ध्यानात राहतं. पुढं मी त्या शाखेत कायमची दौंडच राहिले.

स्वतः ते बार्शीकडचे. बायको-मुलं तिकडंच. इथं पिठाच्या गिरणीवरची एक खोली भाड्यानं घेतली होती. अंगातला पांढरा शर्ट कितीही धुतला तरी खांद्यावर पिठाची पूड असायचीच. बुटकी मूर्ती, जाड भिंगाचा चष्मा, खिशात लवंगा. गिऱ्हाइकांना ते पिकावरून हाक मारायचे. "या मेथी," "काय कांदा, भाव पडला का?" लोकही ओ द्यायचे. एकदा एका तरण्या गड्यानं उसाऐवजी ढोबळी मिरची लावली, तर साहेबांनी त्याला भर शाखेत विचारलं, आता तुला काय म्हणायचं, सांगून ठेव. तिजोरीच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढायचे. हे काय देऊळ आहे का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, लोकांची घरं हायेत ती, लोकांच्या घरात पायताण घालून जात न्हाईत.

बाजारच्या दिवशी दुपारी कापडी पिशवी घेऊन निघायचे. प्रत्येक खातेदाराकडून काहीतरी घ्यायचेच, मग ती एक जुडी कोथिंबीर का असेना. एकट्या माणसाला एवढी भाजी काय करायची? संध्याकाळी ती आमच्या टेबलांवर यायची. माझ्या आईला तळेगावची वांगी फार आवडायला लागली ती अशी.

आता त्या समोरच्या बँकेचं सांगते. आसपास कारखाने उभे राहिले, जमिनींना भाव आला, पगारदार माणसं खोल्या शोधत फिरू लागली, आणि मागोमाग ही नवी बँक आली. काचेचं दार, आत गारवा, टाय लावलेली पोरं, बाहेर पैसे देणारं मशीन. नवीन खातं काढणाऱ्याला भिंतीवरचं घड्याळ फुकट. आमच्याकडं पंखा कुरकुरायचा आणि पासबुक भरून घ्यायला अर्धा तास लागायचा. माणसं जाणारच होती. गावात एकेका घराच्या ओट्यावर ते घड्याळ दिसायला लागलं की आम्ही समजायचो, हे गेलं.

पहिले गेले ते आप्पा. शेवंतीचं मोठं रान असलेले, गावात वजन असलेले आप्पा. खातं बंद करायला आले तेव्हा टोपी पार डोळ्यांवर ओढलेली, नजर खाली. पोरं मागं लागलीत म्हणाले. मी मनात म्हटलं, आता साहेब विनवण्या करतील. साहेबांनी अर्जावर लगेच सही केली, पैसे मोजून द्यायला सांगितले, आणि पायात चपला सरकवून म्हणाले, चला शेवंतीवाले, सोबत येतो. आप्पा बावचळले. दोघं रस्ता ओलांडून काचेच्या दारातून आत गेले. आमचा शिपाई कुतूहलानं मागून गेला आणि येऊन त्यानं सगळं वाचून दाखवल्यासारखं सांगितलं.

साहेबांनी तिथल्या तरण्या मॅनेजरपुढं हात जोडले होते. म्हणाले होते, हे आप्पा. यांच्याकडं ऊस न्हाई, फुलं हायेत. पैसा दसरा-दिवाळीला येतो, मधी खातं रिकामं दिसतं, तेवढ्यावरनं माणूस तोलू नका. आन् एक महत्त्वाचं. हे 'व्हय' म्हणले की समजायचं, यांना कळलेलं न्हाई. कळलं की ते गप बसतात. गप बसले की मगच सही घ्या.

आप्पांनी त्यावर मान खाली घातली होती म्हणे. गोष्ट शंभर टक्के खरी होती आणि गावात ती कुणी तोंडावर बोललं नव्हतं.

त्या दिवशी मी साहेबांच्या टेबलाशी जाऊन भांडले. म्हटलं, आपल्या ताटातलं उचलून दुसऱ्याच्या ताटात वाढायचं, वर त्याला जेवायचं कसं तेही शिकवायचं, हा कुठला धंदा? ते लवंग चघळत बसले. मग म्हणाले, "आप्पा जाणार हे ठरलं होतं, दौंड. मी गेलो नसतो तर एकटे गेले असते. नव्या घरी माणसानं एकट्यानं जाऊ नये."

मग ती रीतच पडली. कुणी खातं बंद केलं की साहेब चपला सरकवायचे. दूध डेअरीवाल्याला पोचवलं, दोन्ही मेडिकलवाल्यांना पोचवलं, निवृत्त हेडमास्तरांना पोचवलं. प्रत्येकाची एक गोष्ट सांगून यायचे. याला कमी ऐकू येतं पण तो कबूल करत नाही. ही आई आणि मुलगा एकत्र आले तर आईला आधी विचारा. याचा भाऊ याच्या नावानं सही करून बघतो, तेवढी नीट तपासा. पेठेतली टवाळ माणसं ओट्यावरनं ओरडायची, साहेबांनी आज अजून एक लेक उजवली रे! साहेबांना त्याचा राग यायचा नाही. आणि बाजारात भाजी घेताना आता ते आधी खातं मोडलेल्यांकडं जायचे. त्यांना वाटायला नको, म्हणायचे, की आपण तोंड फिरवलं.

नव्या बँकेतला तो तरणा मॅनेजर आधी हसला असणार. पण पोरगा बरा होता. हळूहळू तोच आमच्याकडं चहाला यायला लागला. साहेब सांगायचे ते लक्ष देऊन ऐकायचा. आप्पा त्याच्यापुढं गप्प बसल्याशिवाय त्यानं कधी सही घेतली नाही, हे मला खुद्द आप्पांनी सांगितलंय.

आमच्या वरच्या लोकांना मात्र हे रुचणं शक्य नव्हतं. पुण्याच्या विभागीय कार्यालयात सगळ्या शाखांचा तक्ता भिंतीवर असायचा. शिरूर वर, दौंड त्याच्या खालोखाल, आम्ही तळाला. एक मोठे अधिकारी तपासणीला आले. पोचवायची गोष्ट त्यांच्या कानावर गेलीच होती. त्यांनी आम्हा सगळ्यांसमोर साहेबांना विचारलं, तुम्ही नक्की कुणाचे मॅनेजर आहात? साहेब म्हणाले, मॅनेजर तुमचाच हाय, पण माणसांची ओळख माझी स्वतःची हाय, ती मी कुणालाबी देईन. अधिकारी लाल झाले. जाताना सांगून गेले, वर्षभरात ठेवी वाढल्या नाहीत तर ही शाखा बंद करून शिरूरला जोडू.

 आम्हा नोकरदारांचं काय, बदली होणार, पगार चालू राहणार. ज्याच्या जिवावर बेतणार होतं ते बाकावर बसलेलं माणूस वेगळंच होतं. तिथं त्या दिवशी सोनाआक्का बसल्या होत्या.

सोनाआक्कांचे मालक रेल्वेत गँगमन होते, दौंडच्या लायनीवर काम करता करता गेले. त्यांची पेन्शन आक्कांना आमच्या शाखेत मिळायची. बुद्धविहाराच्या मागं एका खोलीत एकट्या राहायच्या. मूलबाळ नाही. बायकांचा उजवा अंगठा घ्यायचा असा नियम, आणि आक्कांचा उजवा अंगठा कधीकाळी कडबाकुट्टीत गेलेला. डावा घ्यायचा म्हटलं तर त्याच्याही रेषा कामानं झिजलेल्या. तो हळूच, डावीकडून उजवीकडं लोळवत दाबला तरच उमटायचा. त्यात उजव्या कानानं ऐकू यायचं नाही. कुणी त्या बाजूनं बोललं तर त्यांना वाटायचं आपल्यावर खेकसलं, आणि त्या काहीही न बोलता उठून घरी जायच्या. पैसे न घेता. एकदा बदली कारकुनानं असं केलं होतं, तर साहेब जेवण टाकून विहारापर्यंत गेले आणि त्यांना घेऊन आले. आक्का दारात आल्या की 'जय भीम साहेब' म्हणायच्या. साहेब उठून 'जय भीम आक्का' म्हणायचे आणि वळसा घालून त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहायचे. आक्कांना माणूस ओळखणारी जागा लागायची. ती जागा त्यांना त्या दोन खोल्यांत होती, बाकी कुठंही नव्हती.

वर्ष असंच गेलं. ठेवी कशाच्या वाढतात! त्यात समोरचा तो बरा मॅनेजर बढतीवर मुंबईला गेला आणि दुसरा आला. हा मोबाईलवर बोलत बोलतच माणसांशी बोलायचा.

एका बाजारच्या दिवशी आप्पा आमच्या शाखेत येऊन बसले. पाणी मागितलं, प्यायले नाहीत. दसऱ्याच्या फुलांचा सगळा पैसा नव्या मॅनेजरनं कसल्याशा विमा पॉलिसीत घातला होता. आता रोपं आणायला पैसे काढायला गेले तर म्हणे बरीच वर्षं हात लावता येणार नाही. साहेबांनी विचारलं, त्यानं तुम्हांला समजावलं होतं का? आप्पा म्हणाले, व्हय, समजावलं हुतं की. मी व्हय म्हणलो.

साहेब ताडकन उठले आणि पलीकडं गेले. परत आले ते भिंतीला धरून पायरी चढले. मी विचारलं, काय म्हणाला? म्हणाले, "तो म्हणाला, ते तुम्ही मागच्या साहेबांना सांगितलं असेल."  त्यांचा असा चेहरा मी आधी पाहिला नव्हता. इतकी वर्षं जिवाभावानं ज्याला त्याला पोचवलं, आणि पोचवलं होतं ते एका माणसापाशी. तो माणूस उठून गेला आणि सगळं त्याच्याबरोबर गेलं. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्यासाठी गलबलूनही येत होतं.

पुढं शाखा बंद करायचा हुकूम आला. खाती शिरूरला जाणार, मी शिरूरला, साहेब निवृत्तीपर्यंत पुण्याच्या विभागीय कार्यालयात. सूचना दारावर लागली. आक्कांना वाचता येत नव्हतं आणि सांगायला साहेबांचं मन धजावेना. शिरूरला जायचं म्हणजे जीपमध्ये दाटीवाटीनं शिक्रापूर, तिथनं दुसरी गाडी, आणि पुढं अनोळखी गर्दी. मी म्हटलं, सांगा हो त्यांना. ते म्हणाले, आधी समोर विचारून बघतो.

मला बरोबर घेतलं. मी आक्कांचा हात धरला, साहेब त्यांच्या डाव्या बाजूनं. आक्कांना एवढंच सांगितलं होतं, की आपण समोर खातं काढू, जवळच्या जवळ. त्या धुतलेलं लुगडं नेसून आल्या होत्या. काचेचं दार ढकलताना त्यांनी चपला बाहेर काढल्या.

साहेबांनी हात जोडले, आक्कांची ओळख सांगितली, अंगठ्याचं सांगितलं, कानाचं सांगितलं. तो ऐकत होता की नाही कोण जाणे. मग म्हणाला, काका, इतक्या कमी शिलकीवर आमच्याकडं खातं उघडत नाही, आणि रेल्वेची पेन्शन तर आम्ही घेतच नाही. वरून परवानगी नाही.  साहेब इतक्या हळू बोलले की मला वाकून ऐकावं लागलं. "आजवर तुमच्या दारात मी द्यायलाच आलो. मागायला आज पहिल्यांदा आलोय."

त्यानं आमच्यासाठी गार पाणी मागवलं. बाकी काही केलं नाही. त्याच्या मागच्या सोफ्यावर आमचाच जुना डेअरीवाला बसला होता. तो वर्तमानपत्र वाचत राहिला.

आम्ही परत निघालो. त्या रस्त्यावरनं साहेब पहिल्यांदाच गिऱ्हाईक बरोबर घेऊन माघारी येत होते. ओट्यावरची टवाळ माणसं गप्प बसून बघत होती. रस्त्याच्या मधोमध आक्कांनी विचारलं, अगदी साध्या आवाजात, "न्हाई म्हणले व्हय मला नांदवायला?"

साहेब थबकले. टेम्पोवाला हॉर्न मारत होता. मीच दोघांना ओढून अलीकडं आणलं. आमच्या पायरीपाशी आल्यावर आक्कांनीच त्यांना धीर दिला. म्हणाल्या, "आसूं द्या साहेब. लेक माघारी आली म्हून बाप काय दाराला कडी घालीत न्हाई."

साहेब पायरीवर बसले. आक्कांना डाव्या बाजूला बसवून घेतलं आणि कडी घालायचा दिवस ठरलाय ते त्यांना सांगितलं. मी जाळीला टेकून उभी होते.  आक्कांनी एकच विचारलं, "शिरूरला मला कोण वळखतंय?"  मी तिथंच जाणार होते. मी म्हटलंही, आक्का, मी आहे ना. त्यांनी मान डोलावली. साहेबांनी डोलावली नाही.

शिरूरची शाखा म्हणजे जत्रा. पेन्शनच्या दिवशी रांग दाराबाहेर जायची. शाखा जोडल्यानंतरच्या पहिल्याच पेन्शनला मी मान वर केली तर रांगेत साहेब. पुण्याहून रजा टाकून, तळेगावला उतरून, आक्कांना जीपमधून घेऊन आले होते. दोघं घामानं भिजलेले. मी खुणेनं म्हटलं, आतून या, साहेब. ते आले नाहीत. रांगेतच उभे राहिले, सगळ्यांसारखे सरकत सरकत पुढं आले.

खिडकीपाशी पोचल्यावर त्यांनी मला नमस्कार केला. म्हणाले, "या सोनाआक्का. तळेगाव ढमढेऱ्याच्या. मालक रेल्वेत होते." मला हसूच आलं. म्हटलं, साहेब, अहो, मला काय सांगताय? मी यांना तुमच्याइतकीच ओळखते. अंगठा डावा, कान डावा, सगळं ठाऊक आहे मला.

ते जराही हसले नाहीत.

"तुम्हांला न्हाई सांगत, दौंड," म्हणाले. "तुमच्या खुर्चीला सांगतोय. माणसांना सांगून बघितलं. माणसं जात्यात."

 एरवी मी कुणाचं ऐकून घेणारी बाई नाही, पण त्या दिवशी ऐकलं. मी उठले. खुर्ची मागं सरकवली, नीट जाळीसमोर आणून ठेवली आणि बाजूला उभी राहिले.

साहेबांनी रिकाम्या खुर्चीला हात जोडले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. या सोनाआक्का. यांचा उजवा अंगठा कडबाकुट्टीत गेलाय, डावा घ्यायचा. घाईनं दाबायचा न्हाई, डावीकडून उजवीकडं लोळवायचा, मग उमटतो. उजव्या बाजूनं बोलायचं न्हाई. बोललात तर या काही न म्हणता निघून जातील, आणि त्यांच्या घरी त्या दिवशी चूल पेटायची न्हाई. तेव्हा त्यांना जाऊ द्यायचं न्हाई. मागं रांग उभी होती, त्यात घाईची माणसं होती, बाळंतीण होती, काठी टेकलेले म्हातारे होते. त्यांच्यातलं कुणी पुढं चला म्हणालं नाही. आतले आमचे मॅनेजरसुद्धा फोन खाली ठेवून बघत राहिले.

सांगून झाल्यावर साहेब वळसा घालून आक्कांच्या डाव्या बाजूला गेले आणि त्यांच्या कानाशी म्हणाले, झालं आक्का, सांगितलंय. आक्कांनी जाळीतून डावा अंगठा आत केला. मी डोळे पुसले आणि खुर्चीत बसले.